नामदेवरायांची संगत

आपल्या दिंडीत एक जुनी रीत आहे. नवा माणूस आला की त्याला रांगेच्या शेपटाला उभं करत नाहीत. दोन जुन्या टाळकऱ्यांच्या मधोमध त्याला जागा देतात. त्याला कोणी काही शिकवत नाही, चुकलं म्हणून कोणी रागवत नाही. लोहा येईपर्यंत त्याचा टाळ मागे पडतो, अहमदपूरपर्यंत पाय चुकतात, आणि लातूर ओलांडेस्तोवर पाऊल आपोआप पडायला लागतं. मुरूडच्या मुक्कामाला तोच माणूस दुसऱ्याच्या पायाला तेल चोळत बसलेला दिसतो. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारा माणूस इथं न सांगता हंडा भरून आणतो. आता ह्याला काय म्हणावं? माणूस बदलला की त्याच्या भोवतीची माणसं बदलली?

उलटही आम्ही पाहिलं आहे. रांगेत एक जण रुसून चालायला लागला की दुसऱ्या दिवशी सगळी रांग ढिली पडते. एकाच्या तोंडातली शिवी संध्याकाळपर्यंत चार तोंडांत जाते. म्हणजे रांग माणसाला घडवते, तसा माणूसही रांगेला घडवतो किंवा बिघडवतो. शंभर वर्षं चालून आपल्या दिंडीला जे कळलं ते एवढंच असेल, पण ते थोडं नाही. म्हणून ह्या स्मरणग्रंथात कोणा थोर पुरुषाचं चरित्र द्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला दुसरं नाव सुचलंच नाही. संगतीनं घडलेला आणि मग संगतच घडवणारा महापुरुष आपल्याच मुलखात जन्मला आहे. ते म्हणजे नामदेवराय.

नामदेवरायांचा जन्म शके 1192 मधल्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इसवी सन 1270 चा. कयाधू नदीकाठचं नरसी बामणी हे त्यांचं मूळ गाव. आज ते हिंगोली जिल्ह्यात येतं आणि सगळे त्याला नरसी नामदेव म्हणूनच ओळखतात. वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा, घरात विठ्ठलाची भक्ती. दामाशेटींचं बिऱ्हाड पंढरपुरात स्थिरावलं आणि नामदेवांचं बालपण राऊळाच्या सावलीत गेलं.

लहानपणीची नैवेद्याची गोष्ट आपल्याकडच्या लेकराबाळांनाही पाठ असते. वडील गावाला गेले, नैवेद्य दाखवायला नामदेवांना पाठवलं. देव खातो हे त्यांनी घरात ऐकलं होतं, ते त्यांनी खरं मानलं. देव खाईना तेव्हा ते पोर हटून बसलं आणि शेवटी देवाला खावं लागलं. ह्या गोष्टीकडे आम्ही आणखी एका बाजूनं पाहतो. ज्या घरात देवाशी घरच्या माणसासारखं बोलतात, त्या घरातलं पोर देवावर रुसणारच. नामदेवांचा भाव आकाशातून पडला नव्हता. तो गोणाईच्या चुलीपाशी आणि दामाशेटींच्या ओसरीवर तयार झाला.

पण ह्याच लाडाची एक दुसरी बाजूही होती. पंढरपुरात सगळे म्हणायचे की नामदेव देवाचा लाडका आहे, देव त्याच्याशी बोलतो. चोवीस तास असं ऐकत वाढलेल्या तरुणाच्या मनात थोडा अहंकार शिरला तर नवल नाही. आपल्याला चारचौघं माउली माउली म्हणून पाया पडायला लागली की आपली मान किती ताठ होते, ते ज्याचं त्यानं आठवावं.

हा ताठा उतरला तो तेरमध्ये. आपली दिंडी लातूर-मुरूड ओलांडून पुढं जाते तेव्हा ढोकीपासून तेर जवळच राहतं. तेरणा नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरेनं चालत आलेली कथा अशी की गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपानकाका, मुक्ताबाई, नामदेवराय, सगळे होते. मुक्ताबाईंची नजर कुंभाराच्या थापटण्यावर गेली. हे कशाला, असं त्यांनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं हे वाजवून पाहायला, असं काकांनी सांगितलं. मग ही मडकी पण पाहा, असं त्या म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं हळूच वाजवलं. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना अपमान वाटला, ते चिडले. काकांनी निवाडा दिला की एवढं एक मडकं कच्चं आहे.

विचार करा, मंडळी. पंढरपुरात ज्याला कोणी ब्र म्हटलं नव्हतं, त्याला भर बैठकीत कच्चा म्हटलं. नामदेवराय रागावून पंढरीला परत गेले, देवापाशी तक्रार केली. देवानंही त्यांची बाजू घेतली नाही, गुरू कर असं सांगितलं. इथं त्यांचा मोठेपणा दिसतो. आपल्याला कच्चं म्हणणाऱ्यांची संगत त्यांनी सोडली नाही. गोड बोलणाऱ्यांच्या कोंडाळ्यात परत जाऊन बसणं सोपं होतं, आपण बहुतेक जण तेच करतो. ते मात्र गुरूच्या शोधात निघाले.

ते गेले औंढ्या नागनाथाला. नांदेडहून वसमतमार्गे जाता येतं ते हे औंढा. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना ते सहन झालं नाही. विसोबांनी सांगितलं की जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय फिरवतील तिकडं पिंड दिसू लागली. देव पंढरपुरात आणि आपण त्याचे लाडके, हा हिशेबच मोडला. देव सगळीकडं असेल तर तो सगळ्यांचा, आणि मग हा आपला आणि तो परका हा भेद उरतोच कुठं?

विसोबा कोण होते तेही लक्षात घेण्यासारखं आहे. परंपरा सांगते की हेच विसोबा आधी विसोबा चाटी म्हणून ज्ञानोबा-मुक्ताबाईंचा द्वेष करत होते. संन्याशाची पोरं म्हणून गावानं त्या भावंडांना वाळीत टाकलं, त्या वाळीत टाकणाऱ्यांत विसोबाही होते. मांडे भाजायला मुक्ताबाईंना खापर मिळू दिलं नाही ते त्यांनीच. पुढं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले गेलेले पाहून ते पालटले. म्हणजे नामदेवांना ज्यानं पक्कं केलं, तो गुरूही मूळचा कच्चाच होता. गावाची रीत म्हणून तोही वाईट वागत होता आणि चार लेकरांच्या वागण्यानं तो सुधारला.

त्यानंतर ज्ञानोबांबरोबर नामदेवरायांनी तीर्थयात्रा केली. ज्ञानोबांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेवराय सव्वीस वर्षांचे होते. त्या सोहळ्याचं वर्णन त्यांनीच अभंगांतून करून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. त्यांच्यापुढं अजून चौपन्न वर्षांचं आयुष्य होतं. ज्यांच्या संगतीत आपण घडलो ती माणसं एकेक करून गेली, आता काय करायचं? नामदेवरायांनी ती संगत स्वतः वाढवायला घेतली.

सुरुवात घरापासूनच झाली होती. गंगाखेडची जनाबाई ही पोर लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली. दासी म्हणून आली, दळण-कांडण, शेणी वेचणं, झाडलोट ही तिची कामं. त्या काळात असल्या पोरींचं नावही कुठं लिहून राहिलेलं नाही. पण ह्या घरात दिवसरात्र नाम चालायचं आणि जात्यावरच्या बाईनंही अभंग केला तर तो अभंगच मानला जायचा. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत राहिल्या आणि त्याच नावानं त्यांचे अभंग घरोघर गेले. आजही आपल्या दिंडीत दुपारच्या विसाव्याला बाया बसतात, तेव्हा पहिला अभंग जनाबाईंचा असतो.

नामदेवांचं घर काही सुखाचं नव्हतं. पैसा नाही, कर्ता पुरुष सुई-दोरा टाकून टाळ घेऊन बसलेला. गोणाई आणि राजाई ह्यांची भांडणं, त्यांचा वैताग हे सगळं अभंगांतच आलेलं आहे. राजाईंचा राग खोटा नव्हता. घरात पीठ नसताना नवरा कीर्तनाला जातो हे कोणत्या बाईला आवडेल? तरी त्याच राजाई, त्याच गोणाई, बहीण आऊबाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं, सून लाडाई ह्यांच्या नावावर अभंग आहेत. भांडता भांडता सगळं घर अभंगात बोलायला लागलं.

मग वाळवंट. राऊळात कोण जाणार, कुठवर जाणार, हे ठरवणारे दुसरे होते. चंद्रभागेच्या वाळवंटावर मात्र कोणाची मालकी नव्हती. नामदेवरायांनी कीर्तन तिथं उभं केलं. वाळूत पुढची जागा आणि मागची जागा असं काही नसतं, जो येईल तो बसतो. तिथं सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई, चोखोबा ह्यांची नावं एका दमात घेतली जाऊ लागली. परिसा भागवत हे तर ब्राह्मण. त्यांच्याकडे परीस होता असं सांगतात. त्यांच्या बायकोनं तो राजाईंना दिला आणि नामदेवांनी तो चंद्रभागेत फेकला. परिसा भागवत चिडून आले तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दिले, ते सगळे परीसच निघाले. शेवटी परिसा भागवत शिंप्याचे शिष्य झाले. कथेतला चमत्कार ज्याला पटेल त्यानं घ्यावा. ब्राह्मणानं शिंप्याला गुरू करणं हा त्या काळातला चमत्कार त्याहून लहान नव्हता.

चोखोबांची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. चोखोबांनी नामदेवांना गुरू मानलं. त्यांच्या घरातही नामदेवांच्या घरासारखंच झालं. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळ्यांचे अभंग आहेत. एका घराची सवय दुसऱ्या घराला लागली. पण वाळवंटात शेजारी बसणारे चोखोबा राऊळाच्या दारात अडवले जायचे. कीर्तन संपलं की गाव होतं तसंच राहायचं. कर्ममेळ्याच्या अभंगांत देवालाच जाब विचारलेला आहे, इतकी ती जखम खोल होती.

शके 1260, म्हणजे 1338. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. कामावर धरलेल्या लोकांत चोखोबा होते. कूस कोसळलं आणि त्याखाली माणसं गाडली गेली, चोखोबाही गेले. नामदेवराय तेव्हा सत्तरीच्या घरात होते. ते मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडं कोणाची हे कसं ओळखायचं? परंपरा सांगते की ते एकेक हाड कानाला लावत होते आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून त्यांनी उचललं. त्या काळात ज्याची सावली टाळायचे, त्याची हाडं ह्या म्हाताऱ्या माणसानं पोटाशी धरून पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

चोखोबांना राऊळात नेणं नामदेवरायांना जमलं नाही. हे आपण कबूल केलं पाहिजे. एकटा माणूस कितीही मोठा असला तरी सगळं गाव एका आयुष्यात बदलत नाही. पण दारापर्यंत येऊन त्यांनी अशी एक खूण बसवली की जाणाऱ्या-येणाऱ्याला ती चुकवता येऊ नये. देवाला भेटायला जायचं तर आधी चोखोबांना हात जोडायचे, ही सवय त्यांनी लाखो पायांना लावली.

नामदेवरायांचं काम पंढरपुरापुरतं राहिलं नाही. ते उत्तरेत गेले, पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. मुलूख परका, भाषा परकी. त्यांनी तिथल्या बोलीत पदं रचली. शिखांच्या आदिग्रंथाचं संपादन गुरू अर्जुनदेवांनी 1604 मध्ये पूर्ण केलं, त्यात नामदेवरायांची 61 पदं आहेत. त्यातल्या एका पदात देऊळ फिरल्याची हकिगत आहे. हलक्या जातीचा म्हणून उठवलं, नामदेव देवळाच्या मागं जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आपल्याकडे ही कथा औंढ्याची म्हणून सांगतात.

आणि पुढचा योग पाहा. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले. देह ठेवण्याआधी त्यांनी ग्रंथसाहिबालाच गुरूपद दिलं, ते इथं, आपल्या गोदावरीकाठी. म्हणजे नरसीच्या शिंप्याची वाणी पंजाबला जाऊन साडेतीनशे वर्षांनी गुरू होऊन नांदेडला परतली. हजूर साहिबला आजही शबद-कीर्तन चालतं. आपल्या दिंडीतली काही मंडळी निघण्याआधी तिथं मत्था टेकून येतात. कोणी विचारलं तर सांगतात की आमचे नामदेवराय इथंही आहेत.

शके 1272, म्हणजे 1350 सालच्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी पंढरपुरात समाधी घेतली. घरची मंडळीही त्यांच्याबरोबर समाधिस्थ झाली असं मानतात. जागा निवडली ती महाद्वाराची पायरी. हेतू एवढाच की देवाला भेटायला येणाऱ्या संतांची पायधूळ अंगावर पडावी. समोर चोखोबांची समाधी. देवाचा लाडका म्हणून वाढलेल्या आणि डोक्यावर थापटणं बसताच चिडलेल्या त्या मडक्यानं शेवटी सगळ्यांचे पाय डोक्यावर घेतले. ह्याला पक्कं होणं म्हणतात.

पण पायरीवरून आत जाण्याची वाट सगळ्यांना मोकळी व्हायला सहाशे वर्षं लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं झालं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपली दिंडी हद्द ओलांडून जायची, मुखानं नामदेव-चोखोबांचे अभंग म्हणायची, आणि स्वतः कशी वागायची?

हे लिहावं की नाही, ह्यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं की लिहायचं. पहिल्या बऱ्याच वर्षांत आपल्या दिंडीत चुली वेगळ्या मांडल्या जात. जो तो आपल्या माणसांत चूल मांडायचा, आणि सगळ्यात शेवटची चूल कोणाची हे सांगायची गरज नाही. अभंगात एक, पंगतीत वेगळे. हे बदललं ते कोणत्या ठरावानं नाही. जुन्या माणसांनी सांगितलेलं असं की एका वर्षी आपले एक म्हातारे विणेकरी बाबा मुक्कामाला वीणा खाली न ठेवता सरळ शेवटच्या चुलीपाशी गेले आणि भाकरी मागून बसले. कोणाला उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आधी पाणी एक झालं, मग चहा एक झाला, मग भाकरी. दोन जुनी घरं रागावून दिंडी सोडून गेली. त्यातलं एक काही वर्षांनी परत आलं, दुसरं आलं नाही. बाबांनी नामदेवरायांचं चरित्र वाचलेलं नव्हतं, ते ऐकत आले होते. ऐकता ऐकता ते त्यांच्या पायांत उतरलं.

आज आपली पंगत एक आहे, भिशी एक आहे. नवीन पोरांना पूर्वी असं होतं हे सांगितलं तर खरं वाटत नाही. हा बदल मोठाच आहे. पण मुक्कामाला तंबू अजूनही भावकीभावकीचे पडतात. दिवसभर एका रांगेत चालणारी माणसं रात्री आपापल्या माणसांत झोपायला जातात. कोणाच्या मनात वाईट असतं असं नाही, सवय असते. सवयच तर सगळ्यात उशिरा मोडते.

म्हणून ह्या शताब्दीला आमचं एक मागणं आहे. पुढच्या वारीपासून तंबू गावावर, भावकीवर न देता चालण्याच्या रांगेप्रमाणे द्यावेत. टाळात जो शेजारी, तोच रात्री शेजारी. काहींना पहिले दोन मुक्काम अवघड जातील. कोणी रुसेल, कोणी कदाचित सोडूनही जाईल. पण नव्या माणसाला दोन जुन्यांच्या मध्ये उभं करायची रीत आपलीच आहे आणि तिचा गुण आपण शंभर वर्षं पाहिला आहे. लातूर ओलांडेस्तोवर पाऊल पडायला लागतं.

पंढरपुरात गेल्यावर महाद्वारापाशी क्षणभर थांबावं. पायरीवर पाय न देता हात लावावा, समोर चोखोबांना नमस्कार करावा, आणि शेजारी कोण उभा आहे ते एकदा मान वळवून पाहावं. मग आत जावं.

राम कृष्ण हरी.